दूधवाला असेल

गेल्या रविवारी सकाळी नौपाड्यातल्या आमच्या घराची बेल वाजली, तेव्हा माझे हात कणकेने भरलेले होते आणि बारावीला असलेली माझी भाची जेवणाच्या टेबलाशी इंग्रजीची वही उघडून बसली होती. मी स्वयंपाकघरातूनच म्हणाले, "दूधवाला असेल, पिशव्या घे." तिने पिशव्या घेतल्या, फ्रीजमध्ये ठेवल्या आणि पुन्हा वहीत डोके घातले. त्या वहीत क्लासच्या बाईंनी फळ्यावर लिहून दिलेला मोडल ऑक्झिलरींचा, म्हणजे इंग्रजीतल्या साहाय्यक क्रियापदांचा, तक्ता होता. डाव्या रकान्यात कॅन, कुड, मे, माइट, विल, वुड, शॅल, शुड, मस्ट आणि ऑट टू, आणि उजव्या रकान्यात क्षमता, परवानगी, शक्यता, बंधन, सल्ला असे एकेक लेबल. विलच्या समोर अर्थातच 'भविष्यकाळ' असे लिहिलेले होते.

मी तिला सहज विचारले, की आत्ता मी जे म्हणाले ते इंग्रजीत कसे सांगशील. थोडा विचार करून ती म्हणाली, "मिल्कमन मे बी देअर." मी म्हटले, "दॅट विल बी द मिल्कमन." त्यावर तिने पेन खाली ठेवले आणि विचारले, "पण तो तर दारात उभा होता ना, मावशी? मग भविष्यकाळ कुठून आला?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा आमच्या दारातच अधिक चांगले सापडण्यासारखे होते. 'असेल' हे रूपही शाळेत आपण भविष्यकाळाचे म्हणूनच शिकलो आहोत; तरीही 'दूधवाला असेल' हे वाक्य ऐकून कुठल्याही मराठी माणसाला उद्याची आठवण होत नाही. त्याला त्यात फक्त अंदाज ऐकू येतो, आणि तोही बऱ्यापैकी खात्रीचा. तेच मी 'दूधवाला येईल' असे म्हटले असते, तर भाची जागची हलली नसती, कारण तो खरोखरीच पुढचा काळ झाला असता. शेवटचा 'ल' दोन्हीकडे सारखाच आहे. फरक पडला तो त्याच्या आधीच्या धातूमुळे: असणे ही स्थिती आहे, येणे ही कृती आहे. इंग्रजीतही नेमके हेच घडते. विलच्या पुढे 'बी' आले आणि बोलणे समोरच्या क्षणाचे असले, की ते अंदाज सांगते. 'कम' आले की पुढच्या काळाकडे जाते. ऐरोलीच्या एका कंपनीत मी बावीस वर्षे इंग्रजी पत्रव्यवहाराचे काम केले, आणि रविवारी घरी चार-पाच जणांना बोलण्यापुरते इंग्रजी शिकवते. या सगळ्या काळात मला पटलेली गोष्ट एवढीच आहे, की या दहा शब्दांचा अर्थ त्यांच्या स्वतःच्या पोटात फारसा नसतो आणि तो पुढच्या क्रियापदाच्या शेजाराने ठरतो. म्हणून ते सुटे पाठ करण्यात फार वेळ फुकट जातो.

मस्टचे उदाहरण घेतले, तर हे सर्वांत स्वच्छ दिसते. 'शी मस्ट गो' म्हणजे तिला गेलेच पाहिजे, आणि 'शी मस्ट बी टायर्ड' म्हणजे ती दमली असणार. तक्त्यातले 'बंधन' हे लेबल पहिल्या वाक्याला चपखल बसते, पण दुसऱ्याला लावले तर दमणे हे त्या बाईचे कर्तव्य ठरते. बी, हॅव, नो, थिंक, फील अशी स्थिती किंवा मनोव्यापार सांगणारी क्रियापदे आली, की मस्ट बहुधा अनुमानाकडे झुकते. गो, पे, सबमिट, कॉल अशी कृतीची क्रियापदे आली, की बंधनाकडे. अपवाद आहेत, पण बोलताना हाताशी धरायला एवढे पुरते. आपल्या 'पाहिजे'ची गतही हीच आहे. 'त्याने घरी गेले पाहिजे' यात हुकूम आहे, तर 'तो एव्हाना घरी पोचला असला पाहिजे' यात ठाणे स्टेशनच्या पुलावरची गर्दी, घोडबंदर रोडची वाहतूक आणि त्याचे नेहमीचे वेळापत्रक यांवरून बांधलेला हिशेब आहे. मूळचे 'पाहिजे' हे 'पाहणे' या धातूचे जुन्या मराठीतले कर्मणी रूप. जसे 'म्हणिजे'चे 'म्हणजे' झाले, तसे हेही रोजच्या वापरात एका जागी थिजले आणि गरज, इच्छा, कर्तव्य आणि अनुमान अशी चार ओझी एकटेच वाहू लागले. ज्या भाषेत हा शब्द दिवसातून शंभर वेळा येतो, तिच्या माणसाला मस्टचे दोन अर्थ अवघड वाटू नयेत. ते वाटतात, कारण शिकवताना आपण 'पाहिजे' बाजूला ठेवतो आणि तक्ता पुढे करतो.

नकार आला की मात्र सांभाळावे लागते. 'ती दमली असणार' याचा नकार 'मस्टन्ट बी' असा कोणी सहसा करत नाही. तिथे 'कान्ट बी' येते, म्हणजे दमलेली असणे शक्यच नाही. आणि 'मस्ट गो' याचा नकार 'मस्ट नॉट गो' असा केला, तर गरज नसल्याचे सांगण्याऐवजी आपण मनाईच करून बसतो. माझ्याकडे येणाऱ्या एका वहिनींना हा भेद काही केल्या लक्षात राहत नव्हता. शेवटी मी त्यांना विचारले, की 'तुम्ही यायला नको' आणि 'तुम्ही येऊ नका' यांत काय फरक आहे. त्या पटकन म्हणाल्या, "पहिल्यात सवलत आहे आणि दुसऱ्यात अपमान." सवलतीसाठी नीड नॉट किंवा डोन्ट हॅव टू, आणि मनाईसाठी मस्ट नॉट. त्या दिवसानंतर त्यांची चूक झालेली नाही.

कॅनविषयी मी जरा अधिक लिहिणार आहे, कारण आपल्या बोलण्यात त्याने सर्वांत जास्त उलथापालथ केली आहे. कॅन म्हणजे शकणे, हे समीकरण आपल्या डोक्यात इतके पक्के बसले आहे, की आता आपण मराठीतही 'तुम्ही इथे बसू शकता' असे म्हणू लागलो आहोत. तिथे 'बसा ना', 'बसलात तरी चालेल' किंवा 'बसायला हरकत नाही' असे म्हणायला हवे, कारण प्रश्न बसण्याच्या ताकदीचा नसतोच. परवानगीचा कॅन मराठीत बहुधा 'चालेल'मध्ये उतरतो. शिकून आलेल्या कौशल्याचा कॅन 'येणे'मध्ये उतरतो: कॅन स्विम, कॅन ड्राइव्ह, कॅन कुक म्हणजे पोहता येते, गाडी चालवता येते, स्वयंपाक येतो. जुन्या इंग्रजीत कॅनचा मूळ अर्थ 'जाणणे' असा होता, आणि इंग्रजीतले 'नो', संस्कृतातला 'ज्ञा' धातू व आपले 'जाणणे' ही सगळी एकाच प्राचीन धातूची लेकरे आहेत. तेव्हा 'मला पोहता येते' हे भाषांतर कॅनच्या जुन्या स्वभावाला 'मी पोहू शकतो' यापेक्षा जवळचे आहे.

आणि 'कॅन सी', 'कॅन हिअर' यांत तर शकण्याचा मागमूसही नसतो. सी, हिअर, स्मेल, फील यांच्या आधी आलेला कॅन एवढेच सांगतो, की हा अनुभव या क्षणी चालू आहे. 'आय अ‍ॅम सीइंग यू' या अर्थाने चालत नाही, म्हणून ती जागा कॅन भरून काढतो. टाळेबंदीच्या काळात आमच्या ऑफिसच्या प्रत्येक ऑनलाइन मीटिंगची सुरुवात 'कॅन यू हिअर मी' या वाक्याने होत असे. माझ्या शेजारी बसून घरूनच काम करणारा माझा पुतण्या आपल्या मित्रांना फोनवर "आवाज येतोय का रे?" असे विचारी. ही दोन्ही वाक्ये मी दिवसभर एकाच खोलीत ऐकली. 'तू मला ऐकू शकतोस का' असे भाषांतर यंत्र करते आणि हल्ली जाहिरातीही करतात. पण मराठीत आवाज येतो, डोंगर दिसतो, वास येतो, आणि माणूस तिथे कर्ता नसून नुसता 'मला' असतो. उपवनच्या काठावरून येऊरचे डोंगर दिसतात. ते पाहण्याची क्षमता माझ्या अंगी आहे, असे मी कधी म्हटलेले नाही. ज्याला हे उमगले, त्याला 'कॅन सी' ही जोडी फोडून शिकवावी लागत नाही; ती 'दिसते' या एका शब्दाएवढी अखंड आहे.

आता सोसायटीची नोटीस. आमच्याकडे अधूनमधून शुक्रवारी पाणी बंद असते, आणि त्याची सूचना लिफ्टशेजारच्या फळ्यावर इंग्रजीत लागते. गेल्या महिन्यातल्या सूचनेत 'वॉटर सप्लाय वुड बी क्लोज्ड ऑन फ्रायडे' असे होते. मी तेवढ्यासाठी भांडायला जाणाऱ्यांतली नाही, पण सचिव लिफ्टमध्येच भेटले तेव्हा राहवले नाही. मी म्हटले, "दादा, हे पाणी बंद राहील की बंद राहिलं असतं?" ते हसले आणि म्हणाले, "ताई, आम्हाला शाळेत शिकवलंय, विल म्हणजे साधं आणि वुड म्हणजे अदबीचं. नोटीस अदबीनं लिहायची असते." त्यांच्या या उत्तराने मला जे कळले, ते एवढ्या वर्षांत कुठल्या पुस्तकातून कळले नव्हते. आपल्याकडच्या इंग्रजीत विलच्या जागी वुड इतके का पसरले आहे, त्याचे एक कारण हे असणार: वुडमध्ये अदब असते असे आपल्याला सुटेच शिकवले गेले, ती अदब कुठल्या क्रियापदाच्या संगतीत उगवते हे नाही.

वुडची अदब लाइक, माइंड, अ‍ॅप्रिशिएट यांच्या शेजारी उगवते. 'आय वुड लाइक टी' म्हणजे मला चहा हवा होता. आपणही 'हवा आहे' टाळून 'हवा होता' म्हणतो, आणि भूतकाळाचा हा पडदा लावून मागणी मऊ करतो. दुकानात "दोन मीटर कापड हवं होतं" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार "मग आता नको का?" असे विचारत नाही. बीच्या शेजारी ही अदब नसते. तिथे वुड 'असता' होतो आणि 'जर' शोधू लागतो: पाणी बंद राहिले असते, जर काय? जर जलवाहिनीची दुरुस्ती निघाली असती तर? आणि गो, सिट, टेल अशा कृतीच्या क्रियापदांबरोबर जुन्या दिवसांविषयी बोलणे चालू असेल, तर तोच वुड सवयीचा होतो. आमचे आजोबा रोज संध्याकाळी तलावपाळीला जायचे, बाकावर बसायचे, घरी येताना चणे आणायचे. या 'जायचे, बसायचे, आणायचे'ला इंग्रजीत वुड गो, वुड सिट, वुड ब्रिंग यांहून चांगला प्रतिशब्द मला माहीत नाही. अदब, अट आणि आठवण अशी तीन कामे एकच शब्द करतो, आणि त्यांतले कोणते काम चालू आहे हे शेजार व संदर्भ पाहिल्याशिवाय कळत नाही. सचिवांनी दुसऱ्या दिवशी नोटिशीवर पेनाने दुरुस्ती केली. वुडवर काट मारून वर शॅल लिहिले. मी गप्प बसले.

या गप्प बसण्यालाही कारण आहे. अशाच एका जोडीने मला स्वतःला एकदा चांगलेच तोंडावर आपटले होते. नोकरीचे दुसरे वर्ष होते. परदेशातल्या ग्राहकाकडून तिमाहीच्या अहवालावर एक मेल आला, आणि त्यात 'यू माइट वॉन्ट टू चेक द फिगर्स ऑन पेज फोर' असे वाक्य होते. मी तक्त्याप्रमाणे वाचले: माइट म्हणजे अंधूक शक्यता, वॉन्ट म्हणजे इच्छा. तुम्हाला कदाचित चौथ्या पानावरचे आकडे तपासावेसे वाटतील. मला तसे काही वाटले नाही. आकडे मी आधीच एकदा तपासले होते, हाताशी इतर कामे होती, आणि अहवाल तसाच पुढे गेला. तीन दिवसांनी आमच्या वरिष्ठांना फोन आला, आणि त्यांनी मला आत बोलावून तो मेल समोर ठेवला. चौथ्या पानावर दोन रकान्यांची अदलाबदल झालेली होती. "त्यांनी तुला स्पष्ट सांगितलं होतं," असे ते म्हणाले, आणि मी त्या वाक्यात स्पष्ट काय आहे ते शोधत उभी राहिले. 'माइट वॉन्ट टू' ही जोडी म्हणजे इच्छेची चौकशी मुळीच नसते. ती हातमोजे घालून दिलेली सूचना असते. आपल्याकडे सासूबाई "भाजीत मीठ बघितलंस का गं?" असे विचारतात, तेव्हा सून जे करते, तेच मी त्या मेलनंतर करायला हवे होते.

या 'करायला हवे होते'साठी इंग्रजीत 'शुड हॅव' येते. बोलताना हा हॅव इतका आकसतो, की कानाला 'शुडव' एवढेच ऐकू येते, आणि नवशिक्याच्या हातून संपूर्ण वाक्याचा काळच निसटतो. हॅव मधे आला, की मस्टमधले बंधन जवळजवळ नाहीसे होते: 'शी मस्ट हॅव गॉन' म्हणजे ती गेली असणार; तिला जावे लागले, हे सांगायला 'हॅड टू गो' वापरावे लागते. शुडमध्ये मात्र हॅव येताच बोल लावण्याचा सूर चढतो, आणि कुडमध्ये तर फारच. वर ज्या वहिनींचा उल्लेख केला, त्यांच्या परदेशी सुनेने एकदा फोनवर 'यू कुड हॅव टोल्ड मी' असे म्हटले, आणि वहिनींनी मनात 'तू मला सांगू शकली असतीस' असे शब्दशः भाषांतर करून आनंदाने 'येस, येस' असे उत्तर दिले. तिला म्हणायचे होते, की निदान मला सांगायचं तरी! पुढचा आठवडाभर फोन थोडे थंडच होते, आणि कारण कोणालाच कळत नव्हते.

मे हे क्रियापद आपण दोनच ठिकाणी मनापासून वापरतो: वर्गाच्या दारात, आणि अर्जात. 'लीव्ह मे काइंडली बी सँक्शन्ड' हे वाक्य वाचून परदेशी माणूस गोंधळतो, पण त्याच्या पाठीशी आपले 'रजा मंजूर करण्यात यावी' जसेच्या तसे उभे आहे. 'करावी', 'यावी', 'व्हावी' हा आपला विध्यर्थ विनंतीही करतो आणि आज्ञाही देतो, म्हणून कारकुनी इंग्रजीत मेच्या अंगावर तोच अंगरखा चढला. मला यात चूक दिसत नाही. ज्या दोघांमध्ये तो कागद फिरतो, त्यांना त्याचा अर्थ पुरता ठाऊक असतो.

शॅलचे खरे घर आता कायदा आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'देणे लागणे' असा होता. आपणही कोणाचे पैसे 'देणे लागतो' आणि कामाला 'जावे लागते', दोन्हीकडे लागणेच. राज्यघटनेच्या ३४३व्या अनुच्छेदात संघराज्याची राजभाषा सांगताना 'शॅल बी' येते, आणि तिथे अंदाज नसतो की नुसता भविष्यकाळही नसतो. म्हणजे बीच्या शेजारी अंदाज, हा माझा नियम कायद्याच्या दारात थांबतो. आमच्या ऑफिसातल्या संगणकवाल्यांना तर या शब्दांचे अर्थ बोलाचालीवर सोडणे परवडणारेच नव्हते. इंटरनेटच्या मानकांसाठी १९९७ साली आरएफसी २११९ या क्रमांकाचा एक छोटा दस्तऐवज निघाला, आणि त्यात मस्ट, शॅल, शुड व मे यांचे अर्थ कायमचे बांधून टाकले आहेत: मस्ट आणि शॅल म्हणजे सक्ती, शुड म्हणजे सबळ कारण असल्याखेरीज टाळू नये असे, आणि मे म्हणजे ऐच्छिक. भाचीच्या वहीतला तक्ता जर कुठे शब्दशः खरा असेल, तर तिथे.

हे सगळे बोलून होईपर्यंत पोळ्या झाल्या होत्या. तिने मला विचारले, की परीक्षेत 'ऑब्लिगेशन दाखवणारी मोडल ऑक्झिलरी वापरून वाक्य पुन्हा लिहा' असे आले, तर काय करू. मी तिला सांगितले, की तिथे तक्त्यातलेच लिही, कारण गुण तपासणारा तक्ता घेऊनच बसलेला असतो. पण वहीचे एक कोरे पान मी तिला काढायला लावले, आणि त्यावर दहा साहाय्यक क्रियापदांऐवजी रोजची साधी क्रियापदे मथळ्यासारखी लिहायला सांगितली: बी, हॅव, लाइक, सी, वॉन्ट, गो. प्रत्येकाखाली इंग्रजी जोडी, आणि तिच्यासमोर आपण घरात खरोखर जे बोलतो ते. सीखाली तिने 'कॅन सी: दिसतं' असे लिहिले, बीखाली 'विल बी: दूधवाला असेल', लाइकखाली 'वुड लाइक: हवं होतं'. गोखाली आल्यावर ती अडली आणि 'मस्ट गो: गेलंच पाहिजे' असे लिहून तिने घड्याळाकडे पाहिले. कोपरखैरण्याला परत जाण्यासाठी तिला दुपारच्या आत ट्रान्स हार्बरची गाडी पकडायची होती. तिने दप्तर भरले, चपला घातल्या आणि दारातून म्हणाली, "येते गं, मावशी."

मी म्हटले, "वही काढ आणि आधी ते गोखालचं दुरुस्त कर."